चार इंची ग्राइंडर: काही महिन्यांचा अनुभव, आणि तो शिकवल्याशिवाय विकू नये असं का वाटतं

आमची इमारत वरळीला, समुद्राच्या तोंडावर. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांच्या ग्रिलला असा गंज चढतो की पॉलिश पेपरने घासून काही होत नाही. म्हणून नागदेवी स्ट्रीटवरून 850 वॅटचा चार इंची ग्राइंडर, म्हणजे चकती फिरवून लोखंड घासायचं-कापायचं हातयंत्र, घेतला. गंज खरवडायला वायर ब्रश, वेल्डिंगचे उंचवटे सपाट करायला फ्लॅप डिस्क, सडलेली पट्टी काढायला कटिंग डिस्क, सगळं या एका यंत्रावर झालं. वर रेड ऑक्साइड, मग ऑइल पेंट. ग्रिल पावसाळाभर टिकले.

यंत्र म्हणून समाधानी आहे. हाताला जड नाही, जास्त वेळ चालवल्यावर तापतं, पण थोडं थांबलं की पूर्ववत. वायर आखूड आहे. खरी तक्रार स्विचची. तो पुढे सरकवला की अडकून राहतो. मध्येच वीज गेली आणि स्विच बंद करायचा राहिला, तर वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू होतं. दाबून धरला तरच चालणाऱ्या स्विचचे ग्राइंडर मिळतात. थोडे महाग असतात, पण तेच घ्या.

आता शिकवण्याबद्दल. दुकानात मला काय शिकवलं? प्लग लावून यंत्र फिरवून दाखवलं, वॉरंटी कार्डावर शिक्का मारला. शिवाय करवतीसारखे दाते असलेली चकती पुढे केली. "मॅडम, लाकडालाही चालेल, फक्त गार्ड काढून टाका." ती दातेरी चकती लाकडात अडकली की ग्राइंडर हातातून उसळतो, आणि तेव्हा आड यायला गार्डही, म्हणजे चकतीभोवतीचं संरक्षक झाकणही, नसतो. नवख्या माणसाला हा सल्ला देणं भयंकर आहे.

मला शिकवलं ते खालच्या मजल्यावरच्या काकांनी. ते गिरणीत फिटर होते. प्लग बाजूला ठेवायला लावला आणि म्हणाले, "पोरी, आधी चकती वाच." यंत्रावर मिनिटाला 11000 फेरे लिहिले होते, चकतीवर 15300. चकतीचा आकडा नेहमी मोठाच हवा. मधल्या धातूच्या कडीवर महिना आणि वर्ष असतं, ती चकतीची मुदत. चकती राळेने बांधलेली असते आणि दमटपणाने कमजोर होते, म्हणून मुंबईच्या पावसाळ्यात बाल्कनीत पडलेली चकती वापरायची नाही. ओढणी, बांगड्या, मोकळे केस यातलं काही अंगावर नको. डोळ्यांवर गॉगल, नेहमीचा चष्मा पुरत नाही. नवी चकती लावली की बाजूला उभं राहून मिनिटभर मोकळी फिरवायची.

मग शिकंज्यात जुना अँगल (काटकोनात वाकवलेली लोखंडी पट्टी) पकडून कापायला लावला. कापलेला तुकडा कुठल्या बाजूला झुकणार हे आधी ठरवायचं. काप उघडत गेला पाहिजे. आधार चुकीच्या जागी असला तर काप मिटतो, चकती चिमटीत सापडते आणि यंत्र उलटं अंगावर येतं. काकांनी माझे दोन्ही हात हँडलवर ठेवून यंत्राची ओढ कुठल्या दिशेला आहे ते जाणवून दिलं. हे पुस्तिकेतून कळत नाही. 100 मिलिमीटरची चकती 11000 फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिची कड ताशी 200 किलोमीटरच्या वर जाते. स्विच बंद केल्यावरही ती काही क्षण फिरत राहते.

म्हणून माझं ठाम मत आहे: ग्राइंडर, मार्बल कटर आणि गोल करवत ही यंत्रं हातात देण्याआधी प्रत्यक्ष शिकवणी सक्तीची हवी. साध्या ड्रिलला इतकं नको. कायद्याला हे नवं नाही. 1948 च्या कारखाना अधिनियमात कलम 23 आलं ते यासाठीच: धोकादायक ठरवलेल्या यंत्रावर 18 वर्षांखालच्या कामगाराला धोके समजावल्याशिवाय, पुरेसं प्रशिक्षण किंवा जाणकाराची देखरेख असल्याशिवाय उभं करायचं नाही, असं त्यात होतं. पण तेच यंत्र घरी नेणाऱ्या माझ्यासारखीला कोणी काही विचारत नाही.

"कारागीर काय कोर्स करून आलेत का?" असं लोक म्हणतात. नाही आलेत, आणि त्याची किंमत तेच मोजतात. टाइल्स, ग्रॅनाइट कोरडं कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिने होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून ती बारीक धूळ अडत नाही. N95 मास्क हवा, आणि कापताना पाणी सोडलं तर धूळच कमी उडते. सर्टिफिकेटची सक्ती केली तर कागद विकत मिळतील ही भीती मलाही पटते. म्हणून कागद नको, करून दाखवणं हवं, आणि खर्च कंपनी व ठेकेदाराने करावा, रोजंदारीवरच्या माणसाने नाही. कामगारांना शिकवण्यासाठी देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ 1967 साली याच वरळीत सुरू झालं. या शहराला हे जमणार नाही असं मी मानत नाही.

आमची सोसायटी घरदुरुस्तीच्या परवानगीला डिपॉझिट घेते, लिफ्टला प्लायवूड लावायला सांगते, दुपारी आवाज बंद ठेवायला लावते. त्या फॉर्मवर गार्ड, गॉगल, मास्क आणि "कारागिराला यंत्र कोणी शिकवलं" असे चार रकाने वाढवा, असं पत्र मी कमिटीला दिलं आहे. सेक्रेटरींनी विषय पुढच्या बैठकीत घेतला आहे, आणि फिटर काका स्वतः येऊन बोलणार आहेत.