‘ट्रेनिंग करा, बंदुकीचं लायसन्स हमखास’: आमच्या आप्पांचे पावणेदोन लाख असे गेले

ज्यांचं घर गावठाणात नाही, वस्तीवर आहे, घरात म्हातारी माणसं एकटी असतात आणि ज्यांना सध्या कुणीतरी "तुम्ही फक्त ट्रेनिंग करा, लायसन्सचं आमच्याकडं लागलं" असं सांगतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नाव कुणाचं घेणार नाही, तक्रार दिलेली आहे, पुढचं पोलीस बघतील. पण पद्धत सगळीकडं सेम दिसतेय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमची वस्ती जुन्नर तालुक्यात, रस्त्यापासून आत, चारी बाजूंनी ऊस. ऊस म्हणलं की बिबट्या आलाच, त्याची आता आम्हाला सवय झालीय. पण शेजारच्या वस्तीवर रात्री चोरटे शिरले, म्हाताऱ्या नवरा-बायकोला बांधून ठेवलं, कपाट फोडलं, आणि तेव्हापासून आमच्या आप्पांची (माझे थोरले चुलते, वय सत्तरच्या आसपास) झोप उडाली. पोरं सगळी पुण्यात, घरात आप्पा आणि काकू दोघंच. बंदूक पाहिजे हे त्यांच्या डोक्यात बसलं, आणि त्यात चूक काय, कायद्यात परवान्याची सोय आहेच ना.

त्याच सुमारास बाजाराच्या रस्त्याला एक फ्लेक्स लागला होता. वाघाचं तोंड, मागं तिरंगा, आणि खाली ‘शस्त्र प्रशिक्षण, वस्ती व फार्महाऊस सुरक्षा, परवाना मार्गदर्शन’. फ्लेक्सवर फक्त ‘मार्गदर्शन’ हं. ‘गॅरंटी’ हा शब्द फक्त तोंडी, फोनवर आणि चहाच्या टपरीवर. पुढं पावत्या बघितल्या तर त्यातही सगळीकडं ‘सल्ला शुल्क’ आणि ‘प्रशिक्षण शुल्क’, परवान्याचा प ही नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून पळवाट तयार ठेवलेली.

माणूस स्वतःला रिटायर्ड फौजी म्हणवायचा, सगळे त्याला मेजर साहेब म्हणायचे. आता आमच्या भागात घराघरात फौजी आहेत, युनिट कुठलं, सेंटर कुठलं हे दोन वाक्यात कळतं, पण हा तो विषय निघाला की ‘ते सांगता येत नाही काका, सिक्रेट आहे’ म्हणायचा. आप्पांच्या पाया पडायचा, काकूंच्या हातचा चहा मागून घ्यायचा. वागणं असं की घरातला पोरगाच वाटावा.

पैसे एकदम नाही घेतले. आधी फाईल उघडायचे पंचवीस हजार. मग ट्रेनिंगचे पस्तीस. मग ‘होम डिफेन्स किट’ बेचाळीस हजार. मग पोलीस व्हेरिफिकेशन ‘लवकर फिरवायला’ पन्नास, हे रोख. शेवटी ‘प्रोव्हिजनल लायसन्स’चे तेवीस. प्रत्येक वेळी आधीचे पैसे अडकलेले असतात म्हणून पुढचे द्यावेच लागतात, खेळ सगळा तिथंच आहे.

ट्रेनिंगचं सांगतो कारण मी आप्पांना घेऊन स्वतः तिथं गेलेलो. हायवेच्या कडेला एक लग्नाचं लॉन, सिझन नव्हता म्हणून रिकामं. स्टेजच्या मागं उसाच्या पाचटाच्या पेंढ्या रचलेल्या, त्यावर प्लायवूड आणि प्लायवूडवर माणसाच्या आकाराचं छापील टार्गेट. टेबलावर लाल कापड टाकून दोन काळी पिस्तुलं ठेवलेली, लांबून बघितलं तर खरीच वाटतील. हातात घेतली तर कळलं, एअर पिस्तूल. छर्ऱ्याची डबी तिथंच होती, वरती पॉइंट १७७ लिहिलेलं. जत्रेत फुगे फोडायला जे छर्रे देतात तेच. जमलेली सगळी माणसं पन्नाशी-साठीच्या पुढची, एक दवाखानावाले डॉक्टर, एक पेट्रोल पंपवाले, बाकी शेतकरी. प्रत्येकाला दहा-दहा छर्रे मारायला दिले आणि फोटो काढले. फोटो मात्र भरपूर, चार अँगलने.

मला खटकलं ते वेगळंच. हा मेजर फोनवर बोलत बोलत पिस्तूल हातात घेऊन फिरत होता, बोट कायम ट्रिगरवर, आणि वळला की नळी समोर बसलेल्या लोकांच्या पोटावरून फिरायची. मी एनसीसीत होतो, पॉइंट टू टू रायफल चालवलीय. आमचे हवालदार उस्ताद हत्यार हातात द्यायच्या आधीच दोन गोष्टी घोकून घ्यायचे, नळी कुठं आहे आणि बोट कुठं आहे. हत्यार रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं. जो माणूस खरंच पंधरा-वीस वर्षं हत्याराबरोबर राहिलाय त्याचं बोट झोपेतही ट्रिगरवर जाणार नाही. मी तिथंच विचारलं तर म्हणला, ‘अरे दादा, हे तर एअरचंय, काय होतंय.’ तिथून उठून आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, पण त्यांचे साठ हजार तोवर गेले होते आणि ते म्हणले, सर्टिफिकेट तर घेऊन जाऊ.

सर्टिफिकेट म्हणजे सोनेरी बॉर्डर, अशोकस्तंभासारखं काहीतरी (नीट बघितलं तर सिंहांच्या खाली भलतंच इंग्रजी वाक्य), आयएसओ नंबर, आणि क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की त्यांचंच वेबपेज उघडतं आणि हिरवी टिकमार्क येते. आपणच छापायचं आणि आपणच व्हेरिफाय करायचं.

आता खरं काय ते. शस्त्र कायदा १९५९ चा आणि सध्याचे नियम २०१६ चे. त्या नियमांत ट्रेनिंगची अट खरंच आहे, म्हणून तर हे लोक त्याचा धंदा करू शकतात. पण ते ट्रेनिंग सरकारने मान्यता दिलेल्या ट्रेनरकडूनच व्हावं लागतं, त्यात हत्यार सुरक्षित हाताळणं, नेणं-आणणं, फायरिंगची पद्धत, निगा, घरात ठेवणं एवढं सगळं येतं आणि त्याचं सर्टिफिकेट ठरलेल्या नमुन्यात, एस-१ मध्ये मिळतं. सोनेरी बॉर्डरमध्ये नाही. आणि हे खरं सर्टिफिकेट हातात असलं तरी त्याने परवाना मिळत नाही, तो फक्त फाईलीतला एक कागद. अर्ज ए-१ नमुन्यात, केंद्र सरकारच्या ऑनलाइन सिस्टीममधून, सोबत ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, डॉक्टरचं शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं सर्टिफिकेट. मग पोलिसांची चौकशी, ठाण्यातून वर एसपी ऑफिसपर्यंत, आणि शेवटी ग्रामीण भागात जिल्हाधिकारी आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिकसारख्या शहरांत पोलीस आयुक्त ठरवणार. तुम्हाला खरंच गरज आहे का, धंदा-व्यवसायामुळं धोका आहे का, आधी काही तक्रार दिलीय का, हे सगळं बघतात. नाकारूही शकतात, मग वर अपील करता येतं. पण ‘हमखास’ हा प्रकार यात कुठंच बसत नाही, देणारा अधिकारीच जर आधी सांगू शकत नाही तर लॉनवाला कसा सांगणार? सरकारी फी असते ती चलनाने जाते, कुणाच्या गुगल पेवर नाही.

किटचं पण ऐका. बेचाळीस हजारात काय आलं तर तेच एअर पिस्तूल, एक टॉर्च, पाठीवरची काळी बॅग, होल्स्टर, पेपर स्प्रेचे दोन डबे आणि ‘गन सेफ’. पॉइंट १७७ चं (हा छर्ऱ्याचा आकार) आणि वीस ज्यूलच्या आतल्या ताकदीचं एअर पिस्तूल घ्यायला परवाना लागतच नाही, दुकानात काही हजारात मिळतं. पेपर स्प्रे पण कुठंही मिळतो. गन सेफ म्हणजे पत्र्याची पेटी, वरून पावडर कोटिंग. त्या पंपवाल्यांकडं आमच्यासारखीच पेटी आलेली, त्यांच्या किल्लीने आमची पेटी उघडली. हसावं का रडावं. आणि वर आप्पांना सांगितलेलं की बिबट्या अंगणात आला तर याने दोन मारा, पळून जाईल. बिबट्या वन्यजीव कायद्यात अनुसूची एकमध्ये आहे, त्याला छर्रा मारून जखमी केलं तर गुन्हा आपल्यावरच, आणि बिथरलेला बिबट्या समोर ते वेगळंच.

‘प्रोव्हिजनल लायसन्स’ व्हॉट्सॲपवर पीडीएफ आलं. राजमुद्रा, गोल शिक्का, आवक क्रमांक, सगळं. त्यात युआयएन नव्हता. हे लक्षात ठेवा, देशात प्रत्येक शस्त्र परवान्याला केंद्राच्या डेटाबेसमधला एक युनिक नंबर असतो, तो नसेल तर तो परवानाच नाही. आणि अर्ज पेंडिंग असताना हत्यार बाळगायला असला कच्चा परवाना मिळत नाही. माझा चुलतभाऊ तो कागद घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात गृह शाखेत गेला. तिथल्या मॅडमनी शांतपणे रजिस्टर काढलं, आवक क्रमांकावर बोट ठेवलं आणि म्हणल्या, "दादा, या नंबरवर आमच्याकडं दुसऱ्याच तालुक्यातल्या माणसाचं स्मरणपत्र आलंय. तुमच्या आप्पांच्या नावाने अर्जच दाखल नाही." अर्जच नाही! दीड लाखाच्या वर पैसे गेले आणि त्या माणसाने साधा फॉर्म पण भरला नव्हता. मग पोलीस व्हेरिफिकेशनला ‘फिरवलेले’ पन्नास हजार कुठं फिरले ते तुम्हीच ओळखा.

फोन केला तर लगेच दुसरा पर्याय तयार. इथलं राजकारण आडवं येतंय, बाहेरच्या राज्यातून काढून देतो, ऑल इंडिया. या जाळ्यात तर अजिबात जाऊ नका. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ मध्ये दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास परवाने बोगस कागदांवर, तिथं न राहणाऱ्यांना वाटल्याच्या आरोपावरून सीबीआयने तपास घेतला, मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या घरांवर छापे पडले. तुम्ही जुन्नरचे आणि परवान्यावर पत्ता भलत्याच जिल्ह्याचा, तर पकडल्यावर एजंट नाही, तुम्ही सापडता.

आणि तिसरा पर्याय ऐकून माझ्या तर अंगावर काटा आला. ‘लायसन्स येईपर्यंत काका रिकाम्या हाताने कशाला बसता, एक फॅक्टरी पीस आहे, साठ हजारात घरपोच.’ हे आप्पांना एकट्याला गाठून सांगितलं, आमच्यासमोर नाही. फॅक्टरी पीस म्हणजे विनापरवाना गावठी कट्टा, हे न कळायला आपण कुक्कुलं बाळ नाही, चोपड्याच्या पलीकडं मध्य प्रदेशातल्या उमर्टीचं नाव पोलिसांच्या कारवायांच्या बातम्यांत कायम वाचतो. विनापरवाना बंदूक घरात सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सत्तरीच्या माणसाला! शिवाय असला गावठी कट्टा हातातच फुटतो. आणि माझा संशय असा की विकणाराच नंतर ‘केस दाबतो’ म्हणून परत पैसे काढणार. पुरावा नाही माझ्याकडं, पण इतकं सगळं बघितल्यावर दुसरं काय वाटणार. आप्पांनी नाही म्हणलं हे नशीब, काकूंनी घरात पाय ठेवू दिला नसता.

तक्रारीचं सांगतो. युपीआयने गेलेल्या पैशाची तक्रार १९३० वर लगेच करायची, जेवढ्या लवकर कराल तेवढं समोरचं खातं गोठायची शक्यता जास्त. आमचे ऑनलाइन गेलेले पैसे जुने झाले होते, तरी नोंद झाली. रोख पन्नास हजाराची पावती नाही, पण त्या दिवशीचं बँकेतून काढल्याचं स्टेटमेंट आणि ‘मिळाले काका’ असा व्हॉट्सॲप मेसेज आहे, ते दोन्ही जोडलं. ठाण्यात आधी ‘हा दिवाणी वाद आहे, ट्रेनिंग तर दिलं ना’ असं ऐकावं लागलं, तिथंच ती ‘सल्ला शुल्क’ पावती त्याच्या कामाला आली. पण खोट्या राजमुद्रेचं पीडीएफ दाखवल्यावर साहेबांचा सूर बदलला. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं, रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका आणि ब्लॉक करायच्या आधी सगळं सेव्ह करा.

ज्यांना खरंच परवाना पाहिजे त्यांनी सरळ स्वतः अर्ज करावा, वेळ लागतो, हेलपाटे होतात, पण तोच रस्ता. मिळाल्यावरही ते खेळणं नाही, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला बोलावतात, नूतनीकरण असतं, काडतुसांचा हिशोब ठेवावा लागतो. आम्ही तोवर वस्तीवर सोलरचे लाईट लावले, दाराला आतून लोखंडी आडणा बसवला, आणि ग्राम सुरक्षा यंत्रणेत सगळ्यांचे नंबर टाकले, एका कॉलवर आख्ख्या गावाचे फोन वाजतात. आप्पांना ते काही फारसं पटलेलं नाही, बंदूक ती बंदूक म्हणतात. त्यांचा खरा अर्ज आता चुलतभावाने भरलाय, बघू काय होतंय.

तो फ्लेक्स इथून उतरला. शिरूरच्या बाजूला तसाच वाघ, तसाच तिरंगा, संस्थेचं नाव तेवढं नवीन असा लागल्याचं पाहुण्यांनी फोटो काढून पाठवलंय, नंबर तोच आहे. तो फोटो पण आम्ही ठाण्यात नेऊन दिला. त्या लॉनवर आमच्याबरोबर जे होते त्यातले डॉक्टर आणि पंपवाले तक्रारीला तयार झालेत, बाकीचे ‘लोकं हसतील’ म्हणून गप्प आहेत. कुणाकडं ‘सल्ला शुल्क’ लिहिलेली, वाघाच्या शिक्क्याची पावती असेल तर ती घेऊन आपापल्या ठाण्यात जा, एकाच माणसाविरुद्ध चार ठिकाणच्या तक्रारी असल्या की दिवाणी वाद म्हणून परत पाठवणं अवघड जातं.