वरच्या दुधाचा डबा: साधा की प्रोबायोटिकचा?

अंगावरचं दूध पुरत नाही आणि वरचं द्यायचं डॉक्टरांशी बोलून ठरलंय, असं धरून चालतो. प्रश्न उरतो डब्याचा. आमच्याकडे साधा आणि प्रोबायोटिकचा, म्हणजे पावडरीत जिवंत चांगले जिवाणू घातलेला, दोन्ही येऊन गेले. १९९२च्या कायद्यानं आपल्याकडे या डब्यांच्या जाहिरातीला बंदी आहे, पण नातेवाईकांना ती लागू नाही.

महागड्या डब्यात तथ्य नाही असं नाही. आईच्या दुधात एचएमओ नावाच्या साखरांचे शेकडो प्रकार असतात. त्या बाळाला पचत नाहीत, आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं ते खाद्य. महागड्या डब्यांत जिवाणूंबरोबर किंवा नुसत्याच त्यातल्या एक-दोन, फार तर पाच-सहा येतात. आईची प्रतिपिंडं मात्र कुठल्याच डब्यात नसतात, त्यामुळे 'प्रतिकारशक्ती' हा शब्द मी जरा हात राखूनच वाचतो.

माझं घोडं अडलं ते पाण्यापाशी. दुधाची पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा घातक जिवाणू असू शकतो, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तो फार महागात पडतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी ७० अंशांच्या खाली नको. कालवा आणि मग निववा. प्रोबायोटिकच्या डब्यावर मात्र उकळून कोमट केलेलं पाणी घ्या असं लिहिलेलं. बरोबरच आहे, उकळत्या दुधात विरजण घालून दही लागेल का? म्हणजे जिवाणू जगवायचे तर धोका राहतो, धोका टाळायचा तर जादा पैसे मोजलेले जिवाणू मरतात. रात्री बाळ टाहो फोडत असताना हा तिढा कोण सोडवणार? त्यात कोमट पाण्यात गुठळ्या राहायच्या, वाटी-चमच्यानं पाजताना त्या हमखास आड यायच्या.

त्या डब्यावर शी जरा मऊ व्हायची, हे कबूल. सर्दी-पडशात मला तरी फरक दिसला नाही. अर्थात एका बाळावरून किती बोलावं! जिवाणू नसलेला, नुसत्या एचएमओचा डबा खिशाला झेपत असेल तर घ्यावा, त्याला गरम पाणी चालतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर प्रोबायोटिक आपल्या मनानं देऊच नये. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं, २०२३मध्ये अशा बाळांबाबत डॉक्टरांना सावध केलं होतं. एचएमओचा डबा झेपत नसेल, तर मी साधाच सुचवेन. जुलाबांची धास्ती असेल, तर रोटाव्हायरसची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.