काउंटर जोडू की व्हीएफओच बदलू?

जुन्या होमब्रू रिगला, म्हणजे घरी बांधलेल्या हॅम रेडिओ सेटला, डिजिटल डिस्प्ले बसवायचा म्हटलं की दोन वाटा दिसतात. एक तर आहे तो कॉइल-कपॅसिटरचा व्हीएफओ (नॉबने फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) तसाच ठेवून त्याला काउंटर जोडायचा, नाहीतर व्हीएफओच उपटून एसआय-५३५१ सारखी फ्रिक्वेन्सी तयार करणारी चिप (सिंथेसायझर), छोटा कंट्रोलर आणि एन्कोडर (खटक्या-खटक्याने फिरणारा नॉब) टाकायचा. समोर दोन्हीकडे ७१०० (किलोहर्ट्झ) च दिसणार, पण ते ७१०० आलं कुठून हे बघितलं की निवड बरीच सोपी होते.

काउंटर खरोखर मोजतो. ठरलेला वेळ गेट उघडतो, तेवढ्यात व्हीएफओच्या किती सायकल्स गेल्या ते मोजतो, गेट बंद करून आकडा दाखवतो आणि परत पहिल्यापासून सुरू. गेट १ सेकंदाचं ठेवलं तर १ हर्ट्झपर्यंत कळतं, पण मग नॉब फिरवला की आकडा सेकंदभर मागून रांगत येतो आणि ट्यूनिंग करताना जीव जातो, म्हणून बहुतेक जण ०.१ सेकंद ठेवतात आणि १० हर्ट्झवर समाधान मानतात. शेवटचा अंक एकाने खालीवर नाचत राहतो, तो बिघाड नाहीये, गेट नेमकं सायकलच्या सुरुवातीलाच उघडेल असं थोडंच असतं. मी तर तो अंक दाखवतच नाही.

आता गोची अशी की काउंटर मोजतो व्हीएफओ आणि आपल्याला हवी असते स्टेशनची फ्रिक्वेन्सी. ९ मेगाहर्ट्झ आयएफची (रिगच्या आत प्रत्येक सिग्नल ज्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणतात तिची) जुनी पद्धत घ्या, व्हीएफओ ५.० ते ५.५ मेगाहर्ट्झ. २० मीटर बँडवर बेरीज, म्हणजे १४.० ते १४.५. तोच व्हीएफओ ८० मीटरवर वजाबाकीत जातो, ४.० ते ३.५, म्हणजे नॉब उलटा! काउंटरला हे सगळं कुणीतरी सांगावं लागतं, बँडस्विचवरून एक वायर ओढून. आणि वरून साइडबँड. यूएसबीवरून (वरचा साइडबँड) एलएसबीवर (खालचा) गेलं की बीएफओ, म्हणजे सिग्नलमधून आवाज काढायला लागणारा दुसरा ऑसिलेटर, साधारण ३ किलोहर्ट्झ सरकतो, त्यामुळे व्हीएफओत मिळवायचे-वजा करायचे आकडे, म्हणजे ऑफसेटही दोन लागतात. इथेच सगळे फसतात, फिल्टरवर ९ मेगाहर्ट्झ छापलंय म्हणून प्रोग्रॅममध्ये सरळ ९.००० टाकून मोकळे होतात आणि मग डिस्प्ले दीड किलोहर्ट्झ चुकतोय म्हणून डोकं धरून बसतात. ऑफसेट म्हणजे फिल्टरचा मध्य नव्हे, प्रत्यक्षातला बीएफओ. तुमच्याच काउंटरचं प्रोब बीएफओला लावा, दोन्ही साइडबँडला काय येतं ते लिहून घ्या आणि तेच आकडे टाका.

काउंटरसाठी १६ मेगाहर्ट्झचा एटमेगा-३२८ मायक्रोकंट्रोलर वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा, बाहेरचा सिग्नल तो ६.४ मेगाहर्ट्झच्या आतच नीट मोजतो. ५ चा व्हीएफओ आरामात चालेल, १४ थेट नाही. मधे १० ने भागणारी चिप टाकता येते, पण तेवढंच रिझोल्यूशन हवं तर गेट दहापट लांबवावं लागतं. आणि व्हीएफओ ते काउंटर मधे एफईटीचा बफर (व्हीएफओवर भार न येऊ देणारा टप्पा) हवाच, नाहीतर कोॲक्स केबल हलवली तरी फ्रिक्वेन्सी हलते.

सिंथेसायझरचा डिस्प्ले मात्र काहीच मोजत नाही! एन्कोडर एक खटका फिरला की कंट्रोलर मेमरीतल्या आकड्यात १० मिळवतो, तो हिशेब चिपला पाठवतो आणि तोच आकडा तुम्हाला दाखवतो. म्हणजे काचेवर दिसतो तो हुकूम, तो पाळला गेला की नाही हे बघायला कुणी जात नाही. माझ्या पहिल्या एसआय-५३५१ वाल्या रिगवर ७१००.०० असं दगडासारखं स्थिर दिसायचं, मी खूश, आणि समोरचा म्हणतोय बाबा तू २०० हर्ट्झ वर आहेस. चिपला जोडलेला २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल सुमारे २८ पीपीएम (दहा लाखांत २८ भाग) चुकत होता, बास. त्याआधीच्या काउंटरवाल्या रिगवर आकडा पहिली वीस मिनिटं डोळ्यांदेखत खाली सरकायचा. लाज वाटायची, पण निदान खरं तरी बोलायचा.

म्हणून काउंटर जास्त अचूक का? तर तसंही नाही. त्याचाही टाइमबेस क्रिस्टलच, शिवाय तो फक्त व्हीएफओ बघतो, बीएफओ गरम होऊन सरकला तर त्याला पत्ताच नसतो. सिंथेसायझरमध्ये व्हीएफओ आणि बीएफओ दोन्ही एकाच चिपमधून काढले तर उलट फायदा होतो, दोघांची चूक एकाच प्रमाणात असते आणि आयएफ काहीही असला तरी डायलवर तेवढेच पीपीएम उरतात. एकदा १० मेगाहर्ट्झच्या डब्ल्यूडब्ल्यूव्हीशी (अचूक फ्रिक्वेन्सी प्रसारित करणारं अमेरिकन स्टेशन) झीरो बीट करून, म्हणजे दोन्हींतला फरक शून्यावर आणून, करेक्शन टाकलं की सगळे बँड सरळ. नंतर तापमानाने थोडं हलतंच, तेही नको असेल तर टीसीएक्सओ (तापमानाची चूक स्वतः भरून काढणारा क्रिस्टल ऑसिलेटर) लावा, ०.५ पीपीएमचा असेल तर १४ मेगाहर्ट्झवर ७ हर्ट्झ.

खरखर दोन्हीकडे आहे. मल्टिप्लेक्स केलेले एलईडी अंक बँडभर कुरकुर पसरवतात, एलसीडी त्या मानाने शांत, पण पत्र्याचा डबा आणि वायरींवर फीडथ्रू कपॅसिटर दोघांनाही लागतात.

माझं मत विचाराल तर व्हीएफओ अर्ध्या तासाने जागेवर बसत असेल आणि तो नॉब फिरवायला हाताला गोड लागत असेल तर काउंटरच लावा, रिगला धक्का न लावता दोन संध्याकाळींत काम होतं. व्हीएफओ बसतच नसेल तर काउंटर तुम्हाला तो किती वाहतोय एवढंच दाखवेल, थांबवणार नाही, त्याला हफ-पफ (वाहणारा व्हीएफओ सतत जागेवर ढकलणारं सर्किट) जोडता येतो पण एवढी खटपट करायचीच तर सरळ सिंथेसायझर टाका. आणि रिग नव्यानेच बांधत असाल तर मी काउंटरच्या वाटेला जाणारसुद्धा नाही.