ट्रेनरकडे ठेवायचं, ट्रेनर घरी बोलवायचा, की आपणच शिकवायचं?

पिल्लू घरात आलं की पहिले काही दिवस कौतुकात जातात. मग सोफ्याचा कोपरा कुरतडला जातो, दूधवाल्याच्या पायजम्याला दात लागतात, फाटक उघडं दिसलं की स्वारी थेट रस्त्यावर. घरात बोलणं सुरू होतं, याला ट्रेनिंग द्यायला पाहिजे. नागपुरात त्यासाठी तीन वाटा आहेत: महिना-दोन महिने ट्रेनरच्या केनेलवर ठेवणं, ट्रेनरला घरी बोलावणं, किंवा स्वतः शिकवणं. व्यायामाचंही असंच. आपण फिरवायचं, त्यासाठी एखादा मुलगा लावायचा, की गच्चीवर सोडून द्यायचं? लोक हे दोन निर्णय वेगवेगळे घेतात. मला ते एकच वाटतात, कारण ज्याचे पाय मोकळे झालेले नाहीत तो कुत्रा एका जागी बसून शिकत नाही, आणि ज्याला पट्ट्यात चालायला शिकवलेलं नाही त्याला कोणी फिरवायला नेत नाही.

माझं मत आधीच सांगते. बहुतेक घरांसाठी घरी येणारा ट्रेनर आणि जोडीला घरच्यांची रोजची दहा मिनिटं, ही सर्वांत चांगली सोय आहे. पिल्लू निरोगी असेल आणि घरात कोणाकडे वेळ व धीर असेल, तर ट्रेनर नसला तरी चालतं. केनेलवर ठेवणं मी सर्वांत शेवटी ठेवीन.

आधी कुत्रा कसा शिकतो ते

कुत्रा एके ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी आपोआप करत नाही. ट्रेनरच्या अंगणात, ट्रेनरने ‘बस’ म्हटलं की पटकन बसणारा कुत्रा तुमच्या बैठकीत आजोबांनी तेच म्हटलं तर नुसता बघत राहतो. लोक म्हणतात, हट्टी आहे. तसं नसतं. जागा बदलली, आवाज बदलला, हाताची खूण बदलली, म्हणजे त्याच्या लेखी ती गोष्टच नवी. म्हणून तोच धडा बैठकीत, पोर्चमध्ये, फाटकाशी, रस्त्यावर आणि पाहुण्यांसमोर पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. तिन्ही पर्याय याच कसोटीवर घासून बघा: शिकवणं कुठे होणार, आणि कोणाच्या हातून?

दुसरी गोष्ट वयाची. साधारण ३ ते १४ आठवडे हा पिल्लाच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा काळ. या वयात जे निवांतपणे पाहिलं-ऐकलं, त्याची पुढे सहसा भीती वाटत नाही. कुकरची शिट्टी, कूलरचा घरघराट, काठी टेकत चालणारे आजोबा, ऑटोचा हॉर्न, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीतले ढोलताशे, हे सगळं त्यात आलं. पिल्लू घरी येतं तेव्हा ते बहुधा दोन महिन्यांच्या आसपासचं असतं, म्हणजे आपल्या हातात मोजकेच आठवडे उरतात. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर, इतर कुत्र्यांच्या जागी खाली सोडायचं नाही, पार्वो या जीवघेण्या संसर्गाची भीती असते. पण कडेवर घेऊन सीताबर्डीची गर्दी लांबून दाखवायला काहीच हरकत नाही. मी तर म्हणेन, ‘बस’ आणि ‘शेकहँड’ नंतर शिकला तरी चालेल, हे आधी.

केनेलवर ठेवणं

याचा फायदा उघड आहे: तुमचा वेळ जात नाही आणि कुत्रा ‘तयार’ होऊन परत येतो. खर्च तिन्हींत जास्त, कारण राहणं-खाणं त्यात येतं. पण वरची कसोटी लावली तर शिकवणं तुमच्या घराबाहेर आणि परक्या हातांनी. घरी आल्यावर पहिला आठवडा तो शहाण्यासारखा वागतो, मग घरातल्या जुन्या सवयी जिंकतात, कारण घरातली माणसं काही शिकलेली नसतात. शिवाय दोन-तीन महिन्यांचं पिल्लू तिकडे ठेवलं, तर तुमच्या घराशी आणि माणसांशी ओळख पक्की व्हायचे दिवस तिकडेच जातात. अनेक कुत्रे एकत्र असले की खोकल्याची साथही लवकर पसरते.

तरी काही घरांना हाच मार्ग घ्यावा लागतो. घरात मोठं आजारपण आहे, बाळंतपण आहे, घराचं काम निघालं आहे. अशा वेळी केनेल आधी स्वतः जाऊन बघा, शक्यतो दुपारी. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली कूलर आहे का? पाण्याची भांडी भरलेली आहेत का? कुत्र्यांच्या गळ्यात आत वळलेल्या काट्यांच्या कॉलरी तर नाहीत ना? दिवसातून किती वेळ तो पिंजऱ्याबाहेर असणार? परत देताना ट्रेनर तुमच्या घरी येऊन काही दिवस तुमच्याकडून सराव करून घेणार का? ‘मालकाने भेटायला यायचं नाही’ असं कोणी म्हणालं, तर मी तिथे कुत्रा ठेवणार नाही. भेटल्याने शिकवणीत खंड पडतो, हे कारण मला पटत नाही.

घरी येणारा ट्रेनर

शिकवणं तुमच्याच फाटकाशी होतं, हा याचा मोठा गुण. पाहुणे आले की उड्या मारतो, स्वयंपाकघरात घुसतो, शेजारच्या मांजरीवर धावून जातो, या अडचणी जिथे घडतात तिथेच सोडवता येतात. धोका एकच, पण तो फार ठिकाणी दिसतो. ट्रेनर अर्धा-पाऊण तास अंगणात कुत्र्याला चालवतो, आपण आत चहा घेत असतो, आणि महिना संपतो. कुत्रा ट्रेनरचं ऐकायला लागतो, आपलं नाही. म्हणून पैसे ठरवतानाच सांगा की दुसऱ्या आठवड्यापासून पट्टा आमच्या हातात राहील आणि तुम्ही आम्हाला सांगाल. चांगल्या ट्रेनरला हे आवडतं. घरातली शाळकरी मुलं आणि आजी-आजोबासुद्धा त्या वेळी हजर हवेत. सगळ्यांनी एकच शब्द, एकच खूण वापरायची.

ट्रेनर निवडताना त्याची भाषा ऐका. ‘याला दाखवून द्यायला पाहिजे घरात बॉस कोण आहे’, असं म्हणत तो साखळीला झटके देत असेल, कुत्र्याला पाठीवर पाडून दाबून धरत असेल, तर नम्रपणे निरोप द्या. कळपातल्या ‘अल्फा’ची, म्हणजे सगळ्यांवर हुकमत गाजवणाऱ्या म्होरक्याची, ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली पिंजऱ्यातल्या लांडग्यांवर लिहिलेल्या अभ्यासातून पसरली. जंगलातला कळप म्हणजे बहुधा आई-वडील आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब, हे लांडग्यांचेच अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये स्पष्ट मांडलं. आणि कुत्रा म्हणजे लांडगाही नव्हे. माराने गुरगुरणं थांबतं खरं, पण भीती थांबत नाही, आणि ज्याचं गुरगुरणं मारून बंद केलं तो कुत्रा पुढे इशारा न देता चावू शकतो. घरात लहान मूल असेल तर हा विचार फार गंभीरपणे करा.

स्वतः शिकवणं

यात पैसे जवळजवळ लागत नाहीत, वेळ लागतो. तोही एका बैठकीत तासभर नव्हे. पाच मिनिटांचे दोन-तीन तुकडे पिल्लाला पुरतात, त्याहून जास्त ताणलं की तो कंटाळतो.

फाटकाचंच घ्या, कारण आपल्याकडे कुत्रे जखमी होण्याचं ते मोठं कारण आहे. कुत्रा पट्ट्यात, तुमच्या मुठीत उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे. फाटकाच्या कडीला हात लावा. तो पुढे झेपावला तर कडीवरचा हात काढा, काही बोलू नका. तो मागे झाला, थांबला, तुमच्याकडे बघितलं, की लगेच तुकडा द्या. पुन्हा कडी. मग फाटक चार बोटं उघडा. झेपावला, की बंद. थांबला, की तुकडा. पहिल्या दिवशी फाटक पूर्ण उघडणार नाही, ते ठीक आहे. त्याला एवढंच कळायला हवं की ओढलं तर फाटक मिटतं आणि थांबलं तर उघडतं. नंतर ‘थांब’ हा शब्द जोडा. मग रस्त्यावरून सायकल जात असताना, मग समोर दुसरा कुत्रा उभा असताना. प्रत्येक पायरीवर तो थोडा मागे घसरेल, त्यात काही वावगं नाही.

चिकन चालत नसेल तर पनीरचे बारीक तुकडे, उकडलेलं अंडं, गाजर, बिनमिठाचे फुटाणे. बक्षिसाचं खाणं रोजच्या जेवणातून वजा करायचं. सावजीचा रस्सा आणि त्यातली हाडं मात्र कोणी कितीही प्रेमाने देऊ केली तरी नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक असतात, आणि शिजलेली हाडं फुटून आतड्यात अडकतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेटही नाही.

एकट्याने शिकवण्यात अडचण ही की चूक कुठे होतेय ते दाखवायला कोणी नसतं. त्यासाठी महिन्यातून एखाद्या वेळी ट्रेनरला बोलावून आपलं शिकवणं त्याला दाखवणं, हा मधला मार्ग मला फार उपयोगाचा वाटतो.

व्यायाम: गच्ची, रस्ता की मैदान

गच्चीवर सोडणं सोपं, म्हणून फार घरांत तेच होतं. पण गच्ची रोज तीच. तिथे नवा वास नाही, नवं माणूस नाही. कुत्रा दोन चकरा मारून कठड्याशी भुंकत बसतो, आणि भुंकण्याचीच सवय लागते. गच्ची चेंडूसाठी ठीक, फिरण्याची जागा ती घेऊ शकत नाही. कुत्र्याचं फिरणं म्हणजे मुख्यतः हुंगणं. त्याला थांबू द्या, खांब-झाडं वाचू द्या.

मुलगा लावणार असाल, तर आधी काही दिवस त्याच्यासोबत स्वतः चाला. एका हातात तीन कुत्रे आणि दुसऱ्यात मोबाइल असं असेल, तर तुम्ही घरी शिकवलेलं सगळं तो रस्त्यावर पुसून टाकतो. अॅक्टिवाला पट्टा बांधून कुत्र्याला मागे पळवणं तर सरळ बंदच व्हायला हवं. त्याला थांबता येत नाही, हुंगता येत नाही, दमला हे सांगता येत नाही, आणि डांबरावर त्याचे पंजे सोलतात. वाढत्या पिल्लाच्या सांध्यांना ते आणखी वाईट. मोठ्या जातींची हाडं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर लांब पळवणं आणि उंच उड्या नकोत.

जागांचं म्हणाल तर सिव्हिल लाइन्सचे सावलीचे रुंद रस्ते आणि सेमिनरी हिल्सचा भाग पहाटे उत्तम. फुटाळा तलावावरची संध्याकाळची गर्दी शिकलेल्या कुत्र्याच्या सरावाला चांगली, नवख्यासाठी नाही. बागेत नेण्याआधी दारावरची पाटी वाचा. गल्लीतून जाताना तिथल्या कुत्र्यांचा इलाका ओलांडावा लागतो. थेट अंगावर न जाता वळसा घ्या, आणि आपला कुत्रा त्यांच्याऐवजी तुमच्याकडे बघेल तेव्हा त्याला तुकडा द्या.

आता ऊन. पुण्याकडचं वेळापत्रक इथे चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर घराबाहेर पाऊल टाकवत नाही, आणि कुत्र्याला पंजे सोडले तर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. पग, शिह त्झू यांच्या बसक्या नाकाला तेही नीट जमत नाही. हस्की हा थंड प्रदेशातला, दाट केसांचा कुत्रा नागपुरात आणणाऱ्यांनी हा विचार आणण्याआधीच करायला हवा. एप्रिल ते जूनमध्ये फिरणं पहाटे पाचच्या सुमारास, आणि रात्री रस्ता निवल्यावर. हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही.

दिवसभर कूलरसमोर पडलेल्या कुत्र्याचं काय, तर याच दिवसांत ट्रेनिंग व्यायामाची जागा घेतं. त्याचं कोरडं खाणं जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत लपवा, खोलीत पाच ठिकाणी ठेवून ‘शोध’ म्हणा. नाक वापरून पंधरा मिनिटं काम केलेला कुत्रा समाधानाने झोपतो. उष्माघाताची खूण ओळखून ठेवा: थांबायचं नाव न घेणाऱ्या धापा, गडद लाल जीभ, चिकट लाळ, लडखडणं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर गेलं की घाई करा. अंगावर पाणी ओता, पंखा लावा, डॉक्टरांकडे निघा. मात्र गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी तापलेलं असतं, त्यापेक्षा कूलरच्या टाकीतलं किंवा माठातलं घ्या.

पावसाळ्यात फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत गोचीड बघायची, तेवढं पुरे. हिवाळा मात्र सोन्यासारखा. नवीन शिकवण सुरू करायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

वजनाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण नागपुरातले लॅब्राडोर बघितले की काळजी वाटते. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर आयुष्यभर पाहून केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडी लावलेल्या भावंडापेक्षा पाव हिश्शाने कमी खाणं मिळालेले कुत्रे सर्वसाधारणपणे १३ वर्षं जगले, बाकीचे ११.२, आणि कमी खाणाऱ्यांचा सांध्यांचा त्रासही उशिरा सुरू झाला. फिरवणं आणि वाटीचं माप, दोन्ही सांभाळलं तर कुत्र्यासोबतची वर्षं वाढू शकतात.

रस्त्यावरचं गावठी पिल्लू आणलं असेल, तर या उन्हाला ते सर्वांत जास्त सोसणारं आणि शिकायला तल्लख. मात्र दरडावणं ते फार मनावर घेतं. त्याला केनेलवर ठेवूच नका.

आणि शहाणा, शिकलेला कुत्रा एकाएकी चिडका झाला, हात लावला की गुरगुरायला लागला, तर ट्रेनर बदलू नका. कान, दात, सांधे दुखत असू शकतात. आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा, किंवा सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जा. दुखणं गेल्यावरच पुढचं शिकवणं.