फोर्ज्ड (घडीव) म्हणून घेतलेला गोल्फचा आयर्न सेट कास्ट (ओतीव) निघाला, सेकंडहँड घेणाऱ्यांनी जरूर वाचा

क्लब वाकवायच्या मशीनवर माझा सात नंबरचा आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या हेडचा गोल्फ क्लब, मोडला तेव्हा आवाज काही फार मोठा झाला नाही. वाळकी काटकी मोडावी तसं कट्कन वाजलं, हेड क्लँपमध्ये तसंच राहिलं आणि शाफ्ट (क्लबची लांब दांडी) वाकवायच्या दांड्याबरोबर फिटरच्या, म्हणजे क्लब मापाचे करून देणाऱ्याच्या, हातात आला. थोडा वेळ आम्ही दोघंही गप्पच होतो. मग तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फोर्ज्ड म्हणाला होतात ना?"

म्हणाले होते. त्याने दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी ठामपणे हो म्हटलं होतं, त्याने पावतीवर तसं लिहूनही घेतलं होतं. ज्याने मला सेट विकला त्याचं खोटं माझ्या तोंडून पुढे गेलं आणि क्लब मोडला एका सरळमार्गी माणसाच्या हातात. तो भरपाई द्यायला निघाला होता, बिचारा. मी घेतली नाही, पण ते अजून मनाला लागून राहिलंय, म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी मला फोर्ज्डच का हवे होते ते सांगते. माझी उंची कमी आहे. दुकानातला कुठलाही स्टँडर्ड क्लब मी जमिनीवर टेकवला की त्याचा टो, म्हणजे हेडचं पुढचं टोक, हवेत राहतो, म्हणजे माझ्यासाठी लाय अपराइट (जास्त उभा) पडतो. लाय म्हणजे शाफ्ट आणि जमीन यांच्यातला कोन. टो वर राहिला की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल डावीकडे जातो, आणि लॉफ्ट (फेसचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा, मागे कललेला कोन) जितका जास्त तितका जास्त जातो, त्यामुळे माझा पाच नंबर एकवेळ बरा जायचा पण नऊ नंबर आणि वेज (सगळ्यात जास्त लॉफ्टचे क्लब) कायम ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीच्या, डावीकडे. वर्षभर मी स्विंगलाच दोष देत बसले होते हो. मग या फिटरने बॉलवर मार्करने एक उभी रेघ मारली, ती रेघ क्लबकडे करून बॉल ठेवला आणि मारायला सांगितलं, फेसवर रेघ उमटली ती चांगलीच तिरकी. सोलला (हेडच्या तळाला) लावलेल्या टेपवरही घासल्याची खूण हीलकडे, म्हणजे शाफ्टकडच्या टोकाला. तो म्हणाला लाय साधारण तीन डिग्री फ्लॅट (आडवा) करायला हवा, पण तुमचे हे जुने क्लब कडक स्टेनलेसचे आहेत, यांना एवढं वाकवायची रिस्क मी घेणार नाही.

आता हे घडीव आणि ओतीव प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फोर्ज्ड म्हणजे घडीव. मऊ कार्बन स्टीलचा तुकडा लालबुंद तापवून डायमध्ये (साच्यात) घणाखाली दाबत दाबत आकाराला आणतात, कडेला बाहेर आलेली फ्लॅश कापतात, मग घासूनपुसून वर क्रोम चढवतात कारण नुसतं कार्बन स्टील गंजतं. १०२५ असा जो आकडा ऐकू येतो त्याचा अर्थ साधारण ०.२५ टक्के कार्बन, म्हणजे मऊ लोखंडच. कास्ट म्हणजे ओतीव. आधी हेडचं मेणाचं मॉडेल, त्यावर सिरॅमिकचे थर, मग मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं स्टील ओतायचं. यात बहुतेक वेळा १७-४ स्टेनलेस असतं, साधारण १७ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेल, हीट ट्रीटमेंट केल्यावर चांगलं कडक होतं. मऊ कार्बन स्टीलचा होझल, म्हणजे हेडची शाफ्ट बसतो ती मान, दोन-तीन डिग्री सहज वाकतो, १७-४ वाकवताना प्रत्येक डिग्रीला जीव मुठीत धरावा लागतो. माझ्या गरजेसाठी म्हणूनच फोर्ज्ड.

त्यात मी वाचतही खूप होते. मिझुनो या जपानी कंपनीचं हिरोशिमातलं फोर्जिंग, हिमेजीजवळचं मिउरा या दुसऱ्या जपानी कंपनीचं काम, त्या लोकांची हेड घासायची पद्धत, हे सगळं वाचून मन तयारच झालेलं. नवे परवडणारे नव्हते, म्हणून सेकंडहँड शोधत होते आणि एका ॲपवर हा सेट दिसला. चार नंबर ते पिचिंग वेज, सात क्लब, नावाजलेल्या कंपनीचं मॉडेल, होझलवर फोर्ज्ड असं कोरलेलं.

विकणारा बोलायला एकदम गोड. "मॅडम, एकाच बिलेटमधून घडवलेले हेड आहेत, असं आता मिळत नाही." बिलेट म्हणजे धातूचा अखंड ठोकळा. मी पुरावा मागितला तर त्याने व्हिडिओ पाठवला. व्हिडिओत तो फेसला लोहचुंबक लावतो, ते टक्कन चिकटतं, आणि तो म्हणतो बघा, स्टेनलेस असतं तर चिकटलं असतं का? मग दोन हेड एकमेकांवर अलगद वाजवतो आणि तो नाद ऐकवतो. मला पटलं. घरातल्या स्टीलच्या भांड्यांना चुंबक चिकटत नाही हे आपण लहानपणापासून बघितलेलं असतं ना.

पण ते भांड्यांचं स्टेनलेस वेगळं, आणि क्लबमध्ये वापरतात ते १७-४ किंवा ४३१ वेगळं. या दोन्हींना चुंबक व्यवस्थित चिकटतं. म्हणजे चुंबकाने फार तर एवढंच कळतं की हेड जस्ताच्या मिश्रधातूचं किंवा ॲल्युमिनियमचं नाहीये, घडीव आहे की ओतीव हे त्याने अजिबात कळत नाही. वाजवून पण कळत नाही, कारण नाद हेडच्या आकारावर आणि जाडीवर जातो. हे मला नंतर कळलं, पण त्या माणसाला आधीपासून माहीत असणार असं मला वाटतं, कारण नेमक्या याच दोन टेस्ट त्याने दाखवल्या.

आणखी एक गोष्ट मी स्वतः बघितली होती आणि तिचा उलटा अर्थ लावला होता. सेट घरी आल्यावर मी ती कोरलेली अक्षरं भिंगातून बघितली. अक्षरांच्या कडा धारदार होत्या, आणि चरांच्या आत क्रोमची चकाकी नव्हती, उघडा राखाडी धातू होता. म्हणजे कोरीवकाम क्रोम चढवल्यानंतर केलेलं. बरं, आत कार्बन स्टील असतं तर एवढ्या वर्षांत त्या उघड्या चरात कुठेतरी तांबूस गंज दिसायला हवा होता, तो एक ठिपकाभरही नव्हता. आणि मी काय म्हटलं असेल? किती जपून वापरलेत! क्लब एकमेकांवर आपटून मऊ फोर्ज्ड हेडवर जे पोचे पडतात तेही नव्हते जवळपास, तेही मी जपणुकीच्याच खात्यात टाकलं.

पैशांच्या बाबतीत केलेली चूक पण सांगते, कारण ती सगळ्यात महागात पडली. तो म्हणाला ॲपवरून घेतलं तर त्यांचं कमिशन जातं, थेट पाठवा, तेवढे कमी करतो. मी थेट पाठवले. ॲपवर असते तर निदान तक्रार करून परत मागता आले असते. इथे पैसे मी स्वतःच्या हाताने पाठवलेले, त्यामुळे बँकेनेही हात वर केले.

मग मशीन. फिटरने घाई केली नव्हती हे मी शपथेवर सांगेन. हेड क्लँपमध्ये बसवलं, आधी लाय मोजला, मग दांडा होझलला लावून सावकाश जोर दिला. पहिल्या डिग्रीलाच तो थांबला आणि म्हणाला, हे जरा जास्तच टणक लागतंय, नक्की फोर्ज्ड ना? दुसऱ्यांदा विचारलं ते तेव्हा. मी हो म्हणाले. दुसरी डिग्री पूर्ण व्हायच्या आत मोडला.

मोडलेली जागा मी अगदी डोळ्यांजवळ धरून बघितली. करड्या रंगाची, बारीक साखरेसारखी दाणेदार, आणि कडेला टाचणीच्या टोकाएवढी तीन-चार भोकं, त्यातलं एक आतून काळपट. माझा मावसभाऊ फाउंड्रीत आहे, त्याला लगेच फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन. "ताई, हे घडीव नाहीच, ओतीव आहे. ती भोकं दिसतायत ना, ते ब्लोहोल. धातू ओतताना गॅस आत अडकलाय. आणि चांगल्या फाउंड्रीचं पण नाही हे, असा माल आमच्याकडे तपासणीतून पुढेच जात नाही." घणाखाली दाबलेल्या धातूत अशी पोकळी राहायचं कारणच नाही, असं तो म्हणाला.

नंतर फिटरने आणखी तीन हेड गरम करून काढली आणि काट्यावर ठेवली. आयर्नच्या सेटमध्ये एका नंबरपासून पुढच्या नंबरला वजन साधारण ७ ग्रॅमने वाढत जातं, हे बहुतेक ठिकाणी पाळलं जातं कारण शाफ्ट तेवढाच आखूड होत जातो. माझं आठ नंबर २७५, नऊ नंबर २७७, पिचिंग वेज थेट २९४. कंपनीला सिरियल नंबर कळवला तर उत्तर आलं की हा नंबर आमच्या रेकॉर्डप्रमाणे या मॉडेलचा नाही. म्हणजे फोर्ज्ड-कास्ट राहिलं बाजूला, माल अस्सल होता का हाच प्रश्न.

विक्रेत्याला सगळे फोटो पाठवले. आधी म्हणाला फिटरने जोर जास्त लावला. मग म्हणाला मी फेस फोर्ज्ड आहे असं म्हणालो होतो, अख्खं हेड नाही. ही पळवाट नीट लक्षात ठेवा, कारण कास्ट बॉडीवर फोर्ज्ड फेस बसवलेले आयर्न खरोखर बाजारात असतात आणि त्यावर फोर्ज्ड लिहिलेलं असलं तरी ते खोटं ठरत नाही, फक्त तुम्हाला वाटतं ते ते नसतं, होझल कास्टच असतो. बिलेटची सगळी भाषा त्याने फोनवर केली होती. चॅटमध्ये शोधलं तर फक्त "एकदम ओरिजिनल पीस मॅडम" एवढंच. संध्याकाळपर्यंत मला ब्लॉक केलं होतं.

यात मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटतं सांगू? फोर्ज्ड या शब्दापायी मी साध्या कास्ट सेटच्या तिप्पट पैसे मोजले, आणि कास्टमध्ये माझं काम झालं असतं. पिंग कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम यांनी हेडचं वजन कडांकडे नेऊन चुकलेला शॉट सावरणारे आयर्न केले, १९८२ चे पिंग आय २ हे त्यातले सगळ्यात गाजलेले, आणि ते कास्ट होते. पिंगमध्ये लायसाठी रंगाचे ठिपके असतात, काळा म्हणजे स्टँडर्ड, लाल म्हणजे फ्लॅटच्या बाजूला, म्हणजे कास्ट आयर्नही ऑर्डर करतानाच लाय ठरवून मिळतात. ४३१ स्टेनलेस १७-४ पेक्षा मऊ असतं, जपून थोडं वाकवता येतं. ८६२० नावाचं कार्बन स्टील तर ओतूनही हेड करतात आणि ते छान वाकतं. म्हणजे कास्ट वाकत नाही हे सरसकट खरं नाहीच. चुकलेला शॉट किती सावरला जाईल हे हेडच्या आकारावर आणि वजन कुठे ठेवलंय त्यावर ठरतं, बॉल किती लांब जाईल ते लॉफ्ट, फेस आणि तुमचा वेग यावर, घणाने घडवला म्हणून दोन यार्ड जास्त मिळत नाहीत. फीलचं म्हणाल तर बॉल फेसवर सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढाच टिकतो आणि आपल्याला जे मऊ वाटतं त्यात आवाजाचा वाटा फार मोठा. तरी ज्यांना तो फील आवडतो त्यांनी खुशाल फोर्ज्ड घ्यावेत, चांगल्या फोर्ज्ड क्लबची मजा मी नाकारत नाही, मलाही तो आवाज आवडतो. फक्त मऊ हेडचा लाय खेळून खेळून, विशेषतः सरावाच्या मॅटवर मारून हळूहळू सरकू शकतो, तो अधूनमधून मोजून घ्यावा लागतो हे विकणारे सांगत नाहीत.

नंतर मी नव्याने शोधायला लागले तेव्हा प्रत्येक विक्रेत्याला पहिलाच मेसेज हा पाठवायचे, हवा तर तुम्ही पण वापरा: मॉडेलचं पूर्ण नाव आणि साल काय, हेड कुठल्या स्टीलचं, अख्खं हेड फोर्ज्ड की फक्त फेस, लाय आधी कधी वाकवलाय का आणि किती डिग्री, होझलचा आणि सिरियल नंबरचा जवळून काढलेला फोटो पाठवा, माझ्या फिटरला दाखवून पटलं नाही तर परत घ्याल का, आणि हे सगळं लिहून द्या. पाच जणांना पाठवला. तिघांचं उत्तरच आलं नाही. चौथा म्हणाला फोनवर बोलू, मी नाही म्हटलं.

पाचव्याने लिहिलं, "ताई, हे फोर्ज्ड नाहीत, ८६२० चे कास्ट आहेत, वर क्रोम आहे, सहा नंबरच्या सोलवर एक ओरखडा आहे त्याचा फोटो देतो." ते घेतले, या वेळी ॲपवरूनच. त्याच फिटरकडे गेले, त्याच मशीनवर. पहिला क्लब लावताना तो माझ्याकडे बघत होता आणि मी क्लबकडे. एक डिग्री, दोन, मग थोडं थांबून तीन. काही वाजलं नाही. त्याने बॉलवर रेघ मारून माझ्या हातात क्लब दिला, मी मारला, आणि फेसवर रेघ उभी उमटली होती.