फायबर की एअरफायबर?

घरच्या नेटसाठी नाशिकच्या गंगापूर रोड, इंदिरानगरसारख्या भागात दारापर्यंत फायबर (काचेच्या तंतूची वायर) आली असेल तर फार विचार करू नका, तीच घ्या. अपलोडही बहुधा डाउनलोडइतकाच मिळतो. फक्त जेसीबीने वायर तोडली की दिवस गेला. आणि २०२७च्या सिंहस्थापायी खोदकामाला सध्या तोटा नाही!

मखमलाबादकडच्या मळ्यातल्या घरासाठी मात्र वायर ओढायला सहसा कोणी येत नाही. तिथे ५जी एअरफायबर, म्हणजे वायरऐवजी मोबाइल टॉवरवरून येणारं नेट. गच्चीवर टॉवरकडे तोंड करून अँटेनाचा डबा, त्यातून एक केबल राउटरला, की नेट सुरू. ५जीच्या ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरींचा सिग्नल भिंतीमागे कमजोर होतो. २६ गिगाहर्ट्झचा तर नुसतं आंब्याचं झाड आडवं आलं तरी ढासळतो. शिवाय टॉवर सगळ्यांचा सामाईक, त्यामुळे रात्री नऊला वेग ढेपाळतो. शेजाऱ्याकडे असेल तर त्याच वेळी जाऊन स्पीड बघा, मगच पैसे भरा.