‘रेंज नाही दादा’ : जुना शॉर्टवेव्ह सेट विकत घेताना झालेली फसवणूक

रेडिओवर शॉर्टवेव्ह, म्हणजे दूरदेशीची स्टेशनं, ऐकायची हौस आहे आणि खिशात दोन-अडीच हजारच आहेत, अशा माणसाला सगळे सांगतात, जुना सेट बघ. सल्ला बरोबर आहे. पण जुन्या सेटमध्ये एक असा दोष असू शकतो जो विकणाऱ्याला सहज लपवता येतो. माझे पैसे त्यातच गेले.

जाहिरात टेकसन पीएल-३१० ची होती, किंमत २,२०० रुपये. सेट हातात मावणारा, डिजिटल, आणि नवशिक्यांमध्ये नाव असलेला. विक्रेता पुण्याचा, मी साताऱ्याचा, म्हणून कुरिअरचं ठरलं. फोनवर माणूस साखरेसारखा गोड. “दादा, तुमच्यासारखा शौकीन भेटला म्हणून देतोय, नाहीतर विकायचा नव्हता.”

जाहिरातीत लिहिलं होतं : बीबीसी हिंदी, रेडिओ ऑस्ट्रेलिया, रेडिओ नेदरलँड्स, सगळं खणखणीत. यातलं एकही आज शॉर्टवेव्हवर नाही. नेदरलँड्स २०१२ मध्ये बंद झालं, ऑस्ट्रेलिया २०१७ च्या जानेवारीअखेर, आणि बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. थोडक्यात, लिहिणाऱ्याने त्या सेटवर शॉर्टवेव्ह लावून बरीच वर्षं झाली असणार. जाहिरातीतली स्टेशनांची यादी तपासायला पैसा लागत नाही, ती आधी तपासा.

मी व्हिडिओ मागितला, तो लगेच आला. पडद्यावर ९ हजार किलोहर्ट्झच्या पुढचा आकडा आणि इंग्रजी बातम्या. आवाज स्वच्छ, अगदी स्टुडिओत बसल्यासारखा. खऱ्या शॉर्टवेव्हचा आवाज इतका गुळगुळीत क्वचितच असतो. लहरी आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून येतात, त्यामुळे आवाज चढतो, उतरतो, मागे खरखर असते. शिवाय या सेटच्या कोपऱ्यात दोन आकडे दिसतात : सिग्नल किती जोरात आहे, आणि गोंगाटाच्या वर किती आहे. व्हिडिओ थांबवून पाहिल्यावर दुसरा आकडा ०० निघाला. सेटला काहीच मिळत नव्हतं. बातम्या शेजारी ठेवलेल्या मोबाइलमधून येत होत्या. हे कळेपर्यंत यूपीआयने पैसे गेले होते आणि सेट घरी आला होता.

सेटवर एफएम उत्तम. मीडियम वेव्हवर ७९२ ला आकाशवाणी पुणे ठणठणीत. शॉर्टवेव्हवर मात्र सगळीकडे सारखीच फस्स. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं : “दादा, तुमच्याकडे रेंज नाही. बूस्टर लावा.” बूस्टरही त्याच्याकडेच, ६५० रुपयांना! तोही मागवला. काळी डबी, वर हिरवा दिवा, बाहेर तार. उघडली तर आत एक रोधक (रेझिस्टर), तो दिवा आणि बॅटरीच्या दोन वायरी. अँटेनाची तार आतून गाठ मारून ठेवलेली, कुठेच जोडलेली नव्हती. ही कल्पकता त्याने सेट दुरुस्त करायला वापरली असती तर!

ओळखीच्या मेकॅनिकने सेट उघडला तेव्हा उलगडा झाला. यात शॉर्टवेव्हसाठी अँटेनाच्या मागे एक छोटा ट्रान्झिस्टर असतो. लांब तार जोडल्यावर स्थिर विजेचा झटका बसला की तो जाऊ शकतो. मीडियम वेव्हचा सिग्नल आतल्या फेराइट दांड्याच्या अँटेनावरून येतो, एफएमचा मार्ग वेगळा, म्हणून बाकी सेट जिवंत वाटतो. कोणीतरी तो भाग बदलायला गेलं होतं आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडली होती. स्क्रूची डोकी आधीच झिजलेली. विक्रेत्याला सगळं माहीत होतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. व्हिडिओ, संभाषण, व्यवहार क्रमांक सगळं दिलं. पैसे अजून आलेले नाहीत. विक्रेत्याचा नंबर मात्र बंद झाला.

आता घेणाऱ्यांसाठी. आधीच केलेला व्हिडिओ मान्य करू नका, व्हिडिओ कॉल करा, तोही अंधार पडल्यावर. विक्रेत्याला गच्चीवर किंवा खिडकीशी जायला सांगा, घरातले एलईडी दिवे आणि चार्जर बंद करायला सांगा, कारण त्यांच्या गोंगाटात चांगला सेटही मुका होतो. मग १०,००० किलोहर्ट्झ लावायला सांगा. तिथे चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र आहे, आपल्याकडे रात्री बहुधा त्याची टिकटिक ऐकू येते. ती लागली नाही तर ७ आणि ९ मेगाहर्ट्झच्या (म्हणजे ७ हजार आणि ९ हजार किलोहर्ट्झच्या पुढच्या) पट्ट्या सावकाश फिरवायला लावा. चालू सेटवर रात्री तिथे काही ना काही सापडतंच, आणि स्टेशनावरून पुढे गेलं की आवाजासोबत कोपऱ्यातले आकडेही पडतात. हे सोंग शेजारी ठेवलेल्या मोबाइलवरून करता येत नाही.

दरम्यान ऐकायचं असेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे ब्राउझरमधून चालवता येणारा रेडिओ, इंटरनेटवर फुकट आहे. पट्ट्या कशा वागतात हे सेट घेण्याआधीच तिथे कळतं.

नंतर सेट विकायला काढलेल्या नाशिकच्या एका गृहस्थांना मी १०,००० लावायला सांगितलं. ते हसले, “थांबा, चहा ठेवून येतो,” म्हणाले, आणि गच्चीवरून टिकटिक ऐकवली. वर स्वतःहून सांगितलं, की पडद्यामागचा दिवा लागत नाही, त्याचे दोनशे कमी द्या.